डॉ. कमल रणदिवे : आजार एकच, मग वाट वेगळी का?



७ नोव्हेंबरला आपण शाळेत विद्यार्थी दिवस साजरा करतो. बाबासाहेब ज्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले तो हा दिवस, हे आपल्या लेकरांना तोंडपाठ आहे. याच तारखेला देशभर कर्करोग जागृती दिनही पाळतात. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, एका मराठी स्त्री शास्त्रज्ञाची जयंती येते. आपल्यापैकी किती जणांना ती माहीत आहे? खरं सांगते, मला स्वतःलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हती. २०२१ साली त्या दिवशी गुगलच्या पानावर सूक्ष्मदर्शकात बघणाऱ्या एका बाईंचं चित्र आलं, तेव्हा मी नाव वाचलं : डॉ. कमल रणदिवे.

पण नाव वाचणं वेगळं आणि माणूस समजून घेणं वेगळं. तो समजून घ्यायची वेळ माझ्यावर घरातूनच आली.

माझ्या मावशीच्या छातीत गाठ झाली. दुखत नव्हती म्हणून आणि लाज वाटली म्हणून तिने सात-आठ महिने कुणालाच सांगितलं नाही. शेवटी नांदेडला दाखवलं, ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली. शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची दुसरी एक बाई होती. दोघींचा आजार एकच, टप्पा एकच, औषधंही तीच. दोघींची चांगली गट्टी जमली होती. आज माझी मावशी शेतात कापूस वेचते. त्या दुसऱ्या बाईंचा आजार दोन वर्षांत परत आला आणि त्या गेल्या. मावशी अजूनही मला विचारते, तू तर शिकलेली आहेस, मग सांग, आमचा आजार एकच होता तर असं का झालं?

डी.एड. झालेल्या बाईकडे याचं उत्तर कुठून असणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. वाचत गेले तेव्हा कळलं की, जवळजवळ याच धर्तीचा प्रश्न घेऊन कमलताईंनी आपलं संशोधन सुरू केलं होतं. आज त्यांची गोष्ट सांगते.

बालपण आणि शिक्षण

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचं नाव कमल समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्रज्ञ होते, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवायचे. आईचं नाव शांताबाई. आपली सगळी मुलं शिकली पाहिजेत, मुलीसुद्धा, असा वडिलांचा आग्रह होता. शंभर वर्षांपूर्वीचा काळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आग्रहाची किंमत कळेल.

कमलताई पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकल्या. अभ्यासात हुशार होत्या. वडिलांना वाटायचं की मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टर मुलाशीच लग्न करावं. आता जरा आपल्याकडे बघा. चुडाव्याहून नांदेड जवळच. दहावी झाली की हुशार लेकरू नीटच्या क्लासला नांदेडला नाहीतर लातूरला, हे आपल्या भागात ठरूनच गेलेलं आहे. त्यात वाईट काही नाही. पण लेकराचं मन कशात आहे हे आपण विचारतो का?

कमलताईंचं मन झाडं, प्राणी आणि पेशी यांत होतं. त्यांनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि विशेष प्रावीण्यासह बी.एस्सी. केलं. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केलं. त्यांचा विषय ऐकून मला गंमत वाटली : सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रं. आपल्या बांधावर असणारं सीताफळ, त्याच्या कुळापासून या बाई निघाल्या आणि कर्करोगापर्यंत पोचल्या. पेशी झाडाची असो की माणसाची, तिच्यात डोकावून बघायची सवय तिथेच लागली असणार.

लग्नानंतरही थांबल्या नाहीत

१३ मे १९३९ रोजी त्यांचं लग्न जे. टी. रणदिवे यांच्याशी झालं. ते डॉक्टर नव्हते, गणितज्ञ होते. लग्नानंतर कमलताई मुंबईला आल्या. वर एम.एस्सी.चं साल १९४३ सांगितलं, म्हणजे ते लग्नानंतर चार वर्षांनी. पुढे पीएच.डी. झाली १९४९ साली, म्हणजे लग्नाला दहा वर्षं झाल्यावर. या सगळ्या शिक्षणात पतीची त्यांना चांगली साथ होती. मुलीचं लग्न झालं की तिचं शिक्षण संपलं असं समजणाऱ्या प्रत्येक घरात ही तीन सालं लिहून भिंतीवर लावावीत, असं मला वाटतं.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं होतं. आपल्या गावाकडे आजही कुणाला हा आजार निघाला की पूर्ण्याहून नंदीग्राम नाहीतर देवगिरी धरून टाटाला न्या असंच म्हणतात, तेच हे टाटा. कमलताई तिथे काम करू लागल्या. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. विकृतिशास्त्र म्हणजे, सोप्या भाषेत, गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि आजार कोणता ते सांगायचं. खानोलकरांच्याच मार्गदर्शनाखाली कमलताईंनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

उंदरांनी दिलेला धडा

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ.

कर्करोगाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत उंदरांचे वेगवेगळे वाण वाढवतात. जसे आपल्याकडे कापसाचे किंवा तुरीचे वाण असतात तसे. काही वाणांच्या माद्यांमध्ये स्तनाचा कर्करोग खूप होतो, काहींमध्ये फार कमी. पिंजरा सारखा, खाणं सारखं, तरी एका वाणात आजार होतो आणि दुसऱ्यात होत नाही. का? कमलताईंनी असे कमी-जास्त धोका असलेले वाण घेतले आणि त्यांच्या निरोगी ग्रंथींची एकमेकींशी तुलना केली. आजार होण्याच्या आधीच शरीरात काही फरक असतो का, हे त्यांना बघायचं होतं.

पुढे या कामातून त्यांनी तीन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध अभ्यासला : आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं म्हणजे हार्मोन्स, आणि विषाणू. उंदरांमध्ये एक विषाणू आईच्या दुधातून पिलात जातो आणि मोठेपणी गाठ निर्माण करतो, हे तेव्हा जगात नुकतंच कळू लागलं होतं. (इथे एक गोष्ट पालकांनी नक्की लक्षात ठेवावी. ही उंदरांची गोष्ट आहे. माणसात उलट आहे, बाळाला अंगावर पाजल्याने आईचा स्तनकर्करोगाचा धोका कमी होतो.)

म्हणजे कर्करोग हा एकाच कारणाने येणारा सरळसोट आजार नाही. आतली माती, बाहेरचं बी आणि हवामान, तिन्ही मिळून पीक ठरतं, तसंच हे. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळालं. बाहेरून दिसायला आजार एक असला तरी ज्या शरीरात तो वाढतो ते शरीर एक नसतं.

बाल्टिमोर ते परळ

पीएच.डी.नंतर खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला जायला प्रोत्साहन दिलं. बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे कमलताई ऊतीसंवर्धन शिकल्या. ऊतीसंवर्धन म्हणजे शरीरातल्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवणं.

हेच ते जॉर्ज गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी वाढल्या. त्या पेशी अजूनही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. हेन्रिएटा मात्र त्याच वर्षी ३१ व्या वर्षी वारल्या, आणि त्यांच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या होत्या. शास्त्राची ही बाजूसुद्धा मोठ्या मुलांना सांगायला हवी.

शिकून कमलताई परत आल्या. तिकडे राहिल्या नाहीत. मुंबईत १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालं होतं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ऊतीसंवर्धनाची ती भारतातली पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

हे काम किती नाजूक, ते कल्पना करा. आपण वर्गात मटकीला मोड आणायचा प्रयोग करतो. पाणी जास्त झालं की मटकी नासते, कमी झालं की सुकते. पेशींचं त्याच्या शंभरपट अवघड. त्यांना अंगातल्यासारखी ऊब लागते, ठरावीक क्षार, साखर आणि पोषक द्रव लागतो. एक जंतू आत गेला की सगळं भांडं वाया. १९६० च्या दशकात कमलताई आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी हे पोषक द्रव आणि लागणारी रसायनं आपल्या प्रयोगशाळेतच तयार केली. मिळत नाही म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. कमी साधनांत शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट चांगलीच समजेल.

१९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. कर्करोग कसा सुरू होतो, पेशींचं जीवशास्त्र, शरीराची प्रतिकारशक्ती, अशा नव्या विषयांचे विभाग त्यांनी सुरू केले. रक्ताचा, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी मूलभूत काम केलं. पुढे कुष्ठरोगावरील लस विकसित करताना ते उपयोगी पडलं. हीच संस्था आता नवी मुंबईत खारघरला ॲक्ट्रेक या नावाने काम करते.

पट आणि हजेरी

आता मावशीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. ते कमलताईंच्या हयातीत पूर्ण झालं नाही. पण त्यांच्यासारख्या जगभरच्या शास्त्रज्ञांनी घातलेल्या वाटेवरूनच ते आलं. आपल्या शाळेच्या भाषेत सांगते.

माणसाच्या शरीरात प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली सुमारे २० हजार जनुकं आहेत. जवळजवळ प्रत्येक पेशीत ती सगळी असतात. हा झाला पट. पण पटावर नाव आहे म्हणजे मूल आज वर्गात आहे असं नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार! डोळ्याच्या पेशीत काही जनुकं हजर असतात, यकृताच्या पेशीत वेगळी. कोणती जनुकं कामाला लागली आहेत आणि कोणती गप्प बसली आहेत, याला जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात. पट एकच, हजेरी वेगळी.

कर्करोगाच्या पेशीत ही हजेरी बिघडते. पेशी वाढवणारी जनुकं सारखी ओरडत राहतात, आवर घालणारी गप्प होतात. पण प्रत्येक गाठीत बिघाड सारखा नसतो. एका गाठीत थोडा गोंधळ, दुसरीत सगळा वर्ग डोक्यावर घेतलेला. सूक्ष्मदर्शकातून गाठ बघणं म्हणजे दाराबाहेरून वर्ग बघणं. मुलं कशी बसली आहेत ते दिसतं, आणि अनुभवी माणसाला त्यातूनही बरंच कळतं. पण कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही.

ते ऐकायची युक्ती पुढे सापडली. जनुक कामाला लागलं की त्याच्या निरोपाची एक प्रत पेशीत तयार होते, तिला आरएनए म्हणतात. कोणत्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे मोजलं की हजेरी कळते. २००२ साली नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी स्तनाच्या गाठीतल्या ७० जनुकांची अशी हजेरी घेऊन दाखवलं की, कोणती गाठ पुढे शरीरात पसरण्याची शक्यता जास्त आणि कोणती कमी, याचा अंदाज बांधता येतो. दोनच वर्षांनी २१ जनुकांची दुसरी एक चाचणी पुढे आली.

याचा फायदा काय? पूर्वी पसरण्याची थोडी जरी भीती असली तरी बहुतेकींना केमो द्यावी लागायची. मावशीचे केस गेले, उलट्या झाल्या, घास उतरत नव्हता, ते दिवस आम्ही पाहिलेत. ज्यांना त्याची गरज नाही त्यांना तो त्रास कशासाठी? २१ जनुकांच्या चाचणीची दहा हजारांहून जास्त महिलांवर मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. लवकर सापडलेल्या, काखेतल्या गाठींपर्यंत न पसरलेल्या आणि हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणाऱ्या प्रकारात बऱ्याच महिलांना केमो टाळता येते, गोळ्या पुरतात, असं त्यातून दिसलं. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र केमोचा फायदा होतो, हेही दिसलं.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, हा अंदाज आहे, ज्योतिष नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून हवामानाचा सल्ला येतो, त्यावरून आपण पेरणीचं ठरवतो, पण ढग काही आपल्याला लेखी देत नाहीत. तसंच हे. दुसरी, ही चाचणी सगळ्या कर्करोगांना आणि सगळ्या रुग्णांना लागू नाही, खर्चिकही आहे. ती करायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

मावशीला मी हे सगळं तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. तुमच्या दोघींच्या गाठी बाहेरून सारख्या दिसत होत्या, आतली हजेरी वेगळी असेल. तुझी करणी नाही, तिचं पाप नाही. मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की, इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण त्या बाईच्या वाटणीचं आयुष्य घेतलं. ते ओझं जरा उतरलं. मला तेव्हा कळलं की विज्ञान शिकवणं म्हणजे काय.

परत गावाकडे

कमलताई नुसत्या प्रयोगशाळेत रमल्या नाहीत. १९७३ साली त्यांनी आणि काही सहकारी महिलांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. बायका शास्त्र शिकतात, पण लेकरं कुणाकडे ठेवायची आणि परगावी राहायचं कुठे, इथे येऊन थांबतात. म्हणून या संघटनेने पाळणाघर आणि वसतिगृहासारख्या सोयीही केल्या.

निवृत्तीनंतर, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी भागात गेल्या. १९८९ साली सत्यनिकेतन या संस्थेबरोबर तिथल्या मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. ग्रामीण महिलांना आरोग्य आणि कर्करोगाविषयी जागं करण्याचं कामही केलं. पेशी बघणाऱ्या डोळ्यांना अंगणवाडीतलं लेकरूही दिसत होतं.

१९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्य महोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला : सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये. डॉक्टर न झालेल्या मुलीला वैद्यक परिषदेने गौरवलं, हे पालकांनी लक्षात घ्यावं. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. २००१ साली त्यांचं निधन झालं. ७० जनुकांची ती चाचणी जगापुढे आली त्याच्या पुढच्याच वर्षी.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१) तिसरी-चौथीच्या वर्गात पट आणि हजेरीचा खेळ घ्या. सगळ्यांची नावं फळ्यावर लिहा. मग फक्त पाच मुलांना बोलायला सांगा, नंतर दुसऱ्या पाचांना. पट तोच, आवाज वेगळा. जनुक हा शब्द नाही सांगितला तरी चालेल, पुढे आठवी-नववीत त्यांना हा खेळ आठवेल.

२) ८ नोव्हेंबर बहुधा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येतो. शाळा उघडल्यावर परिपाठात कमलताईंवर दोन मिनिटं बोलायला एखाद्या मुलीला सांगा.

३) पालक सभेला आया येतात. पाच मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा. छातीतली गाठ दुखत नसली तरी लपवू नका, लगेच दाखवा, एवढं एकच वाक्य सांगा. पुरुष शिक्षकांना संकोच वाटत असेल तर आशाताईंना बोलवा.

४) तुमचं लेकरू किडे, बिया, पानं गोळा करत असेल तर त्याला रागावू नका. सीताफळाच्या पेशी बघणारी एक मुलगी कुठवर गेली, ते आत्ताच वाचलंत.

माझ्या मावशीने ते सात-आठ महिने वाया घालवले नसते तर कदाचित तिचा त्रास कमी झाला असता. गाठीतली हजेरी कितीही बारकाईने घेता आली तरी आधी बाईने दवाखान्याची पायरी चढायला हवी. ते काम कोणत्याही प्रयोगशाळेचं नाही. ते तुमचं-माझं आहे.

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या पालक गटावर जरूर पाठवा.